स्पोर्ट्स कारचे जुने आफ्टरमार्केट बॉडी पार्ट विकायचेत? आधी पाना खाली ठेवा

आफ्टरमार्केट पार्ट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसून बाहेरून घेऊन लावलेला. असा पार्ट चांगला असतो, गिऱ्हाईकही असतं, तरी सौदा फिसकटतो. कारण आपल्याकडं लोक आधी बंपर उपसतात, मग तो गॅरेजच्या कोपऱ्यात उभा करून संध्याकाळच्या उजेडात दोन फोटो मारतात, "किंमत मेसेजवर" लिहितात आणि मग महिनाभर म्हणतात की कुणी घेईना. सांगली-साताऱ्यात बसून असला पार्ट विकायचा म्हणजे घेणारा बहुतेक पुण्या-मुंबईचा नाहीतर बेंगळुरूचा, तो काय सांगलीच्या विश्रामबागेत तुमच्या पार्किंगला येऊन बंपर ठोकून बघणार नाही. त्याला हात लावून जे कळलं असतं ते तुम्ही फोटोत, मापात आणि चार ओळीत द्यायचंय, आणि त्यातलं निम्मं पार्ट गाडीवर असतानाच मिळतं. एकदा उतरवला की गेलं.

उदाहरणाला फोर्ड मस्टँग धरतोय, पण निसान ३७०झेड असो, ऑडी टीटी असो, बीएमडब्ल्यू झेड४ असो, क्रम हाच.

१. पार्ट नक्की काय आहे ते आधी ठरवा

तीन गोष्टी पाहिजेत: कशाचा बनलाय, कुणी बनवलाय, आणि कुठल्या वर्षाच्या गाडीला बसतो.

मटेरियल ओळखायला पार्टची मागची बाजू बघा, पुढून रंग मारल्यावर सगळे सारखेच दिसतात. मागं खरखरीत, काचेच्या धाग्यांची गिचमीड दिसली आणि बोटानं ठोकल्यावर कडक टकटक आवाज आला तर तो एफआरपी, म्हणजे आपलं साधं फायबर. मागून गुळगुळीत, दाबल्यावर थोडा आत जाऊन परत येतो, आवाज बसका, तर प्लास्टिक. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर आतल्या बाजूला बारीक अक्षरांत पीपी, एबीएस, पीयूआर असं प्लास्टिकच्या प्रकाराचं नाव बऱ्याचदा उठवलेलं असतं, टॉर्च मारून शोधा आणि त्याचा फोटो काढा. घेणाऱ्यासाठी हे सोनं आहे, कारण प्लास्टिक वाकतं आणि फायबर तडकतं, आणि पेंटरही दोघांना वेगळा प्रायमर लावतो.

कार्बनचं, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं विणलेलं कापड रेझिनमध्ये बसवून केलेल्या पार्टचं, जरा नीट ऐका. "कार्बन आहे" एवढं लिहून भागत नाही. नुसतं विनाइल चिकटवलेलं असतं, पाण्यातून डिझाइन उतरवलेलं असतं, फायबरवर वरचा एकच थर कार्बनचा असतो, रेझिनमध्ये भिजवून हातानं बनवलेलं वेट कार्बन असतं आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या भट्टीत दाबाखाली भाजलेलं ड्राय कार्बन असतं, आणि या सगळ्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मागूनही तीच वीण दिसतीये का ते बघा. मागं पांढरं नाहीतर काळं रंगवलेलं फायबर दिसलं तर तो वरच्या थराचा मामला. तुम्हाला विकताना कुणी काहीही सांगितलेलं असू दे, तुम्ही विकताना जे डोळ्यांना दिसतंय तेच लिहा.

ब्रँडचंही तसंच. बिल, स्टिकर, नंबर प्लेटसारखी छोटी पट्टी असलं काही असेल तरच ब्रँडचं नाव टाका. नसेल तर "अमुक स्टाइल, कॉपी आहे" असं सरळ लिहा. जाणकार माणूस ती कॉपी आहे हे फोटो बघूनच ओळखतो, आणि तुम्ही ओरिजिनल म्हणालात की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

वर्षाचा घोळ सगळ्यात जास्त होतो. "मस्टँगचा बंपर" म्हणजे काहीच नाही. २०१५ ते २०१७ ची मस्टँग आणि २०१८ ची फेसलिफ्ट (तोंडवळा बदललेलं मॉडेल) यांचं बॉनेट, हेडलाइट, पुढचा बंपर वेगळे आहेत, इकडचं तिकडं सरळ बसत नाही. ऑडी टीटीच्या तर अख्ख्या पिढ्याच वेगळ्या. म्हणून मॉडेल वर्ष लिहायचंच, आणि कशाला बसत नाही तेही लिहायचं.

> चेक: मटेरियल, कंपनी की कॉपी, वर्ष. ही तीन उत्तरं कागदावर लिहून झाली नसतील तर पुढं जाऊ नका.

२. गाडीवर असतानाचे फोटो आणि मापं

घेणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, बसतो का नीट. त्याचं उत्तर म्हणजे गॅपचा फोटो. गाडी धुवा, सकाळी आठ-नऊच्या आत सावलीत उभी करा, डोक्यावरच्या उन्हात काळा रंग नुसता चमकतो आणि तडे लपतात. पुढून, दोन्ही कोपऱ्यातून, बाजूनं असे लांबचे फोटो घ्या आणि मग जवळ जाऊन बंपर-फेंडरची (फेंडर म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा) फट, बंपर-हेडलाइटची फट, बंपर-बॉनेटची फट, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला फट मोठी असेल तर तीही घ्या, लपवू नका, आफ्टरमार्केट फायबर जरा उन्नीस-बीस असतंच हे सगळ्यांना माहितीये.

स्कर्ट (दाराखालची लांब पट्टी) आणि डिफ्यूझरला (मागच्या बंपरचा खालचा भाग) टेप लावून लांबी घ्या, टेपचा आकडा फोटोत दिसला पाहिजे. डिफ्यूझर असेल तर सायलेन्सरची नळकांडी किती आणि कुठं येतात ते दाखवा, दोन नळ्यांचा डिफ्यूझर चार नळ्यांच्या गाडीला काय उपयोगाचा.

नंबर प्लेट फोटोत झाका. पण झाकायची म्हणून बोट आडवं धरू नका, नंतर मोबाइलमध्ये पुसा.

३. ओरिजिनल पार्ट हातात आल्याशिवाय काढायचं नाही

इथं भले भले अडकतात. आफ्टरमार्केट बंपर विकला, पैसे आले, आणि मग कळतं की कंपनीचा बंपर ज्या मित्राच्या शेडवर ठेवला होता तिथं त्याचं काय झालं कुणालाच माहीत नाही, किंवा बंपर आहे पण आतले ब्रॅकेट, जाळी, सेन्सरचे होल्डर गायब. फोर्डनं भारतात गाड्या बनवणं थांबवायचं २०२१ मध्येच जाहीर केलं, मस्टँगचा एक ब्रॅकेट मागवायचा म्हटलं तरी काय वाट बघावी लागेल विचार करा. आधी कंपनीचा पार्ट आणा, फरशीवर ठेवा, एकेक क्लिप मोजा.

डिकीवरचा स्पॉयलर (मागची पंखासारखी पट्टी) असेल तर आणखी एक. तो बोल्टवर असेल तर काढल्यावर पत्र्याला भोकं उरणार, आणि पहिल्याच पावसात डिकीत पाणी. भोकं झाकायचे रबरी बूच, नाहीतर पेंटरचा खर्च, हे आधी धरा आणि मगच स्पॉयलरची किंमत ठरवा. रिव्हेट मारलेले रुंद फेंडर असतील तर खालचा मूळ फेंडर कापलाय का ते बघा. कापला असेल तर किट विकून तुमची गाडी रस्त्यावर येणारच नाही, जोवर नवीन फेंडर मिळत नाहीत.

आणि पुढची एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. तिचं स्नॅप लॉक एकदाच बसतं, काढायचं म्हणजे तोडावंच लागतं. प्लेट नव्या जागी परत कशी लावून घ्यायची हे फिटमेंट सेंटरला आधी विचारून ठेवा. प्लेट बंपरला तशीच ठेवून पार्सल करायचा आळशीपणा तर अजिबात करू नका, तुमचा नंबर दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये फिरतोय ही डोकेदुखी नको.

४. काढताना

बॅटरीचा निगेटिव्ह सोडा. फॉगलॅम्प, पार्किंग सेन्सर, जे काही बंपरमध्ये आहे त्याचे कनेक्टर बंपर ओढायच्या आधी कसे निघतात ते हात घालून चाचपा. मग वरचे क्लिप, चाकाच्या लायनरचे (चाकावरच्या आतल्या आवरणाचे) स्क्रू, शेवटी खालचे. दोन माणसं पाहिजेत, एक डावीकडं एक उजवीकडं.

तुटतात ते कान. बोल्ट जिथं बसतो त्या चपट्या पट्ट्या, हेडलाइटच्या खाली आणि फेंडरच्या टोकाला असतात. एका बाजूनं बंपर सुटला आणि दुसऱ्या बाजूचा माणूस चहा घ्यायला गेला की सगळं वजन त्या एका कानावर येतं, फायबर असेल तर "कट" असा बारीक आवाज येतो आणि मुळाशी केसाएवढी पांढरी रेघ उमटते. लांबून काही दिसत नाही, पण घेणाऱ्याचा मेकॅनिक बोल्ट आवळतो तेव्हा कान हातात येतो. म्हणून दोघांनी एकदम, सरळ पुढं ओढायचा, वर नाही खाली नाही.

डबल टेपवर बसवलेला लिप (बंपरखालची पातळ पट्टी) किंवा स्पॉयलर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, पेंट निघतो आणि पार्टही वाकतो. हेअर ड्रायरनं गरम करा, मग मासे धरायच्या गळाची नायलॉन दोरी दोन्ही हातात धरून करवतीसारखी मागंपुढं ओढत न्या. थंडीत सकाळी सकाळी हे करायला जाऊ नका, टेप दगड झालेला असतो.

नटबोल्ट, क्लिप, ब्रॅकेट सगळं झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं "डावा फेंडर", "खालची बाजू" असं लिहून. हा सगळा सेट पार्टबरोबर द्यायचा असतो.

> थांबा: काढलेला बंपर भिंतीला टेकवून उभा करू नका. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिक आपल्याच वजनानं वाकतं आणि मग गाडीवर बसत नाही. जाड चादर टाकून आडवा ठेवा, नाहीतर दोन रुंद पट्ट्यांवर टांगा. आणि नदीजवळ राहत असाल तर पावसाळ्यात तळमजल्यावर ठेवूच नका, वर माळ्यावर न्या.

५. धुवा, पण रंगवू नका

साधा कार शॅम्पू, मऊ कापड, मागच्या बाजूची माती टूथब्रशनं. थिनर लावायचा नाही. एबीएसला थिनर लागला की बारीक तडे जातात, आणि टेपचा गोंद काढायला लोक हमखास तेच हातात घेतात. गोंदाला गोंद काढायचं लिक्विड, थोडं, आणि लगेच साबणानं धुवायचं.

रंगाचा मोह होतो, "पेंटर ओळखीचा आहे, दोन हजारात चमकवून देतो". नको. घेणाऱ्याच्या गाडीचा रंग वेगळा असणार, तो परत रंगवणारच, आणि ताजा रंग दिसला की पहिली शंका हीच येते की खाली पुट्टी किती भरलीये. ओरखड्यांसकट दिलेला पार्ट जास्त लवकर जातो.

६. खोट दाखवायची पद्धत

आता उलटा करून फोटो. मागची पूर्ण बाजू, प्रत्येक कान वेगळा, खालची कड (स्पीडब्रेकरला घासलेली असतेच, आपल्या गावातले स्पीडब्रेकर काय सांगायचे), आणि प्रत्येक तडा.

तड्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. फायबरच्या वरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर तिरपा टॉर्च मारून फोटो घ्या. त्या फक्त वरच्या थरात आहेत का आरपार, हे मागून बघून लिहा. कार्बनवर उन्हानं पिवळेपणा आला असेल तर तो पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून दाखवा. जुनी रिपेरी असेल तर मागून जास्तीची जाळी आणि रेझिनचा ढीग दिसतोच, त्यालाही फोटो.

फोटोंना नंबर द्या. पुढं बोलताना "फोटो सात बघा" म्हणता येतं, नाहीतर दोघंही वेगवेगळ्या तड्याबद्दल भांडत बसता.

सांगलीचा पत्ता दिसला की २०१९ आणि २०२१ च्या महापुराची आठवण काढून "गाडी पाण्यात होती का" विचारणारे भेटतात. नुसत्या बंपरला पाण्यानं काही होत नाही, पण त्यातले फॉगलॅम्प, सेन्सर, वायरिंग खराब होतं. लाइटसकट विकत असाल तर लाइट बॅटरीला लावून पेटवलेला व्हिडिओ काढून ठेवा, वाद संपला.

७. किंमत

"मला एवढ्याला पडला" याला बाजारात काही अर्थ नाही. बाहेरून मागवलेल्या पार्टमध्ये मोठा हिस्सा जहाजभाडं आणि कस्टम ड्युटीचा असतो. तोच पार्ट आज नवीन मागवायला घेणाऱ्याला किती पडेल, आणि तसाच फायबरमध्ये इथल्या इथं कुणी बनवून देतं का, हे दोन आकडे काढा. कॉपी पार्टची किंमत दुसऱ्या आकड्याच्या वर जातच नाही. त्यातून घेणाऱ्याचा रंगाचा, फिटिंगचा आणि वाहतुकीचा खर्च मनात वजा करा, कारण तो करणारच आहे.

एक शेवटची किंमत ठरवून कागदावर लिहा, वर थोडी घासाघिशीची जागा ठेवा, आणि जाहिरातीत आकडा टाका. अख्खं किट असेल तर आधी किट म्हणूनच काढा. पुढचा बंपर सगळ्यांना पाहिजे असतो, स्कर्ट कुणालाच नको असतात. बंपर सुटा दिला की स्कर्ट माळ्यावर राहतात ते राहतातच.

८. जाहिरात कशी लिहायची

असं काहीतरी:

"फोर्ड मस्टँग जीटी २०१६ वरून काढलेला फ्रंट बंपर, जीटी३५० स्टाइल, कॉपी, प्लास्टिक (पीपी). २०१५ ते २०१७ ला बसतो, २०१८ फेसलिफ्टला नाही. डावीकडचा एक कान तुटलेला, फोटो ७. खाली घासलाय, फोटो ९ आणि १०. पुट्टी नाही. जाळी आणि सगळे नटबोल्ट बरोबर. फॉगलॅम्प नाहीत. पार्ट सांगलीत आहे, पेठ नाका किंवा कराडपर्यंत आणून देऊ शकतो. किंमत अमुक, पॅकिंग आणि भाडं वेगळं."

"वापरलाय पण नव्यासारखा", "अर्जंट सेल", "फक्त शौकिनांसाठी" हे सगळं काढून टाका. त्या त्या मॉडेलच्या मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी टाका, मग फेसबुक मार्केटप्लेस आणि ओएलएक्स. उघड्या बाजारात शंभर मेसेज येतात आणि त्यातले नव्वद "लास्ट किती" वाले असतात.

"आरटीओ अप्रूव्हड" असं लिहायचा नाद करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला आडवं येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लावायचं की नाही हे घेणारा ठरवेल, तुम्ही खात्री द्यायची नाही.

९. बोलणं आणि पैसे

पहिला प्रश्न तुम्ही विचारा. "दादा, गाडी कुठली, कुठल्या वर्षाची, आणि आत्ता पुढं कुठला बंपर आहे? एक फोटो टाका." ज्याच्याकडं गाडी आहे तो लगेच फोटो टाकतो. जो टाकत नाही आणि थेट "अकाउंट नंबर द्या, पेमेंट करतो" म्हणतो त्याच्यापासून लांब. ते "मी आर्मीत आहे, माझा माणूस येऊन घेऊन जाईल, तुम्ही फक्त क्यूआर स्कॅन करा" वालं प्रकरण अजून चालू आहे. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. एसएमएस आणि स्क्रीनशॉट खोटे बनवता येतात, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसलं तरच जमा. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन.

खऱ्या माणसाला व्हिडिओ कॉलवर पार्ट फिरवून दाखवा, वाकवून दाखवा, कान दाखवा. मग टोकन घ्या, पॅक करा, पॅकिंगचा व्हिडिओ पाठवा, आणि उरलेले पैसे आल्यावरच माल ट्रान्सपोर्टला सोडा.

परतीचं आधीच मेसेजवर लिहून घ्या: भोक पाडलं, घासलं किंवा रंग मारला की परत नाही. समोरासमोर देत असाल तर घेणाऱ्याच्या गॅरेजमध्ये नुसता धरून बघू द्या, बोल्ट आवळायच्या आधी पैसे. आणि एक साधी पावती, पार्टचं वर्णन, फोटोंचे नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. पार्ट चोरीचा नाही हे दाखवायला गाडीवरचे फोटो आणि जुनं बिल जपून ठेवा.

१०. पॅकिंग

पहिला थर बबल रॅपचा नको. उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये बबलचे गोल ठसे पेंटवर उमटतात. आधी पातळ फोम शीट किंवा जुनं सुती बेडशीट, मग बबल रॅपचे दोन-तीन वेढे, मग पुठ्ठ्याचा रोल.

बंपर हा यू आकाराचा, त्याची दोन टोकं दाबली किंवा फाकली की मधोमध तडकतो. दोन्ही टोकांच्या मध्ये बरोब्बर मापाची लाकडी पट्टी आडवी टाका, टोकांना फोम गुंडाळा आणि पट्टी टेपनं बांधा. पोकळ भागात कागदाचे गोळे नाहीतर थर्माकोल ठासा. कानांवर वेगळा जाड पुठ्ठा. एवढं करून वरून फक्त पुठ्ठा असेल तर तो कधीतरी हळदीच्या पोत्यांखाली जाणारच, मार्केट यार्डातून निघणाऱ्या गाडीत तुमच्या पार्सलला कोण खिडकीची सीट देणार नाही. फायबर आणि कार्बनला लाकडी क्रेटच करा, कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत पॅकिंगचं लाकूडकाम करणारे मापाप्रमाणे बनवून देतात. प्लास्टिकच्या बंपरला फ्रीजची दोन खोकी जोडून चालतं.

नटबोल्टची पिशवी पार्टला सैल बांधू नका, प्रवासभर आपटत राहते. वेगळ्या डब्यात.

११. पाठवणं

कुरिअरला विचारायच्या आधी हिशोब करा. ते लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५००० नं भागतात आणि ते वजन धरतात. २०० बाय ७० बाय ६० चं खोकं म्हणजे ८,४०,००० भागिले ५०००, १६८ किलो. आत बंपर कितीही हलका असला तरी भाडं १६८ चं. म्हणून मोठ्या पार्टला रोड ट्रान्सपोर्ट, आणि लिप, स्पॉयलर असल्या छोट्या मालाला कुरिअर. पुणे-मुंबईसाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सची डिकीही चालते, पण डिकीच्या दाराचं माप आधी घ्या, बस सुटायच्या वेळी नाही.

ट्रान्सपोर्टला हे विचारा: भाडं टू-पे (माल पोचल्यावर घेणाऱ्यानं द्यायचं) आहे का आधी, गोडाऊनला उतरणार का घरपोच, हमाली कुणाकडं, आणि विमा मिळतो का. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या माल पावतीवर) "ओनर्स रिस्क" छापलेलं असेल तर मोडतोडीला ते जबाबदार नाहीत हे घेणाऱ्याला माल सोडायच्या आधी सांगा. किंमत खरी लिहा, ५०,००० च्या वरचा माल राज्याबाहेर जात असेल तर ई-वे बिलाचं (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) काय ते ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातच विचारून घ्या.

बिल्टीचा फोटो लगेच पाठवा. घेणाऱ्याला सांगा, खोकं उघडायच्या आधीपासून व्हिडिओ चालू करायचा, आणि खोकं फाटलेलं दिसलं तर पोहोच पावतीवर तसं लिहूनच सही करायची. कोरी सही करून घरी नेल्यावर ट्रान्सपोर्टवाला ऐकून घेत नाही, आणि मग तो फोन तुम्हाला येतो. तेव्हा तुमचा पॅकिंगचा व्हिडिओ आणि नंबर टाकलेले फोटो काढा, तुटलंय ते आधीचं का वाटेतलं एवढंच बघा, आणि वाटेतलं असेल तर त्याला बिल्टीवरून क्लेम टाकायला मदत करा. माल नीट पोचला असं त्याचं उत्तर आलं की सगळीकडच्या जाहिराती काढून टाका, नाहीतर दिवाळीपर्यंत "लास्ट किती" येत राहील.